बेंदराचं कासव

समुद्राचे किस्से सांगायला घाटावरच्या कडेगावचा म्हातारा, हीच मुळात गंमत! पण साचलेत, त्याला काय करू? हसायचे वर तरंगतात, बाकीचे गाळासारखे खाली बसतात.

सत्तरच्या पुढची सालं. समुद्रात तेलाच्या नव्या विहिरी पाडलेल्या. ते तेल मासळीला, कासवांना काय करतंय हे बघायला सांगलीचे एक साहेब कोकणात येऊन राहिले. मी लष्करातला लांगरी, मला स्वयंपाकाला नेलं. पडेल त्या कामाला म्हसवडचा बापू.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "बापू, पोहता येतं का?"

"आमच्या दुष्काळी माणदेशात बुडायला पानी तर पायजे, सायेब!"

*

तेल कंपनीचा अधिकारी आला. आमच्या कामाला पैसा त्याच कंपनीचा. उन्हात टाय लावून! बरण्यांतले मेलेले मासे बघून म्हणतो, "मासे म्हातारपणानंही मरतात. पाणी स्वच्छ आहे."

मी बांगड्याचं कालवण वाढलं. "खावा. त्याच पान्यातला हाय."

"आज माझा उपवास आहे."

मग माझी दोन उकडलेली अंडी कुणी खाल्ली रं?

जाताना दम देऊन गेला, "तेलानं मेलेलं एक मोठं जनावर फाडून पोटातलं तेल दाखवा. नाहीतर दिवाळीनंतर तुमचं काम बंद!"

*

पावसाळ्यात एक कासव किनाऱ्याला लागलं. डांबरात बुडवल्यासारखं, पण जिवंत. बापूनं ओढ्यावर बैल धुवावा तसं धुतलं. खोबरेल चोळून, गवताच्या बोळ्यानं घासून. चांगलं तरतरीत झालं.

तेवढ्यात बेंदूर आला, बैलांचा सण. आमच्याकडं बैलांची शिंगं रंगवतात. हितं बैल कुठला? बापूनं कासवाची पाठ लालभडक रंगवली!

साहेब ओरडले, "अरे, हा काय बैल आहे?"

"न्हाई म्हनून तर पाठ रंगवली. शिंगं कुटं हायत त्याला?"

पाण्यात सोडताना बापू त्याला म्हणाला, "पुन्यांदा हिकडं येऊ नगंस, गड्या."

*

दिवाळीच्या तोंडावर कोळ्यांनी एक मेलेलं कासव आणून टाकलं. काळंकुट्ट. साहेबांचा चेहरा उजळला. सांगायला वाईट वाटतं, पण उजळला. टेबल मांडलं, सुरी काढली. "बापू, पाठ पूस."

बापूनं पुसली. खालून लाल रंग निघाला.

बापूनं फडकं खाली ठेवलं.

"घरचा बैल कुनी फाडतं का, सायेब? रानात पुरत्यात."

"बापू, हे कापलं नाही तर आपलं काम संपलं. बाकीच्या कासवांचं काय?"

"व्हय. कळतंय मला." बापूनं खोरं उचललं आणि बाहेर वाळूत खड्डा घ्यायला लागला.

साहेब सुरी धरून उभे. मला वाटलं, आता शिव्या घालणार. त्यांनी सुरी टेबलावर ठेवली, पायातले बूट काढले आणि मला म्हणाले,

"दुसरं खोरं कुठाय?"