रजिस्टरातली कोरी ओळ

“आज पण खिचडीच. आईनं पातेल्याचा तळ खरवडून आणला. मला ती लागलेली खिचडीच आवडती, पण कुणाला सांगू नको.”

मोठ्या सरांनी हे माईकवरून वाचलं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि मग हे. सगळी शाळा मैदानात रांगेनं उभी होती. मी नववी अ च्या रांगेत, मुलींमध्ये तिसरी. ‘कुणाला सांगू नको’ हे त्यांनी दोनदा वाचलं. पोरांना हसायला वेळ मिळावा म्हणून मध्ये थांबले पण.

हे मी माझ्या मावसबहिणीला लिहिलं होतं. ती कोपरगावला राहते. आमच्या दोघींतलं बोलणं होतं ते. तिसऱ्याचा संबंध नव्हता.

मैदानाच्या कडेला पत्र्याची स्वैपाकखोली होती. दारात आई उभी होती, हातात तांदूळ निवडायचं ताट. आई शाळेची खिचडी शिजवायची. खिचडी आठवीपर्यंतच्या पोरांना मिळते. नववीत गेलं की पोट आपोआप भरतं, असा सरकारचा समज असावा. पोरं जेवून गेली की पातेल्याच्या बुडाला करपून चिकटलेली खिचडी उरायची. ती कुत्र्यापुढं टाकायची पद्धत होती. आई ती डब्यात भरून मला आणायची. एवढीच आमची चोरी.

“बघा,” सर म्हणाले, “मोबाईलवर वाट्टेल ते लिहिलं की शाळेची अब्रू कशी चव्हाट्यावर येते!”

चव्हाट्यावर कुणी आणली ते नाही बोलले. माझ्या मेसेजचा फोटो आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर आला होता. तो काढला कुणी, टाकला कुणी, ते विचारायची सरांना गरज वाटली नाही. घर फोडणारा मोकळा आणि तुमच्या घरात काय शिजलं म्हणून जाब मला. वा रे शिस्त!

ही शिस्त त्या वर्षी जूनमध्ये सुरू झाली होती. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरोघरी मोबाईल आले. आमच्याकडे एकच, आईचा आणि माझा मिळून. शाळा उघडल्यावर मोठ्या सरांना एकाएकी पोरांच्या चारित्र्याची लई काळजी लागली. पालकसभा बोलावली. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, ‘मन स्वच्छ, तर मोबाईल उघडा.’ अक्षर मात्र सुरेख. आणि मग टेबलावर एक लाल पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर ठेवलं. त्यात खाने आखलेले. नाव, इयत्ता, मोबाईल नंबर, अकाउंटचा पासवर्ड, पालकाची सही.

“तुम्हाला शेतातून सवड नाही,” सर म्हणाले. “तुमच्या मुलांवर लक्ष आम्ही ठेवू.”

पालकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात कांद्याच्या चाळीला कुलूप असतं, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप असतं. पण आपल्या पोरीची किल्ली दुसऱ्याच्या रजिस्टरात लिहून द्यायची, तर माणसं रांग लावून उभी. मी आईच्या कानात म्हणाले, पासवर्ड कुणाला द्यायचा नसतो.

“गप गं,” आई म्हणाली. “सर लिवून घेत्यात म्हंजी चांगल्यासाठीच आसंल. तू काय लपिवतीस?”

तिनं सही केली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर काढत. तिला कोण अभिमान, शाळेच्या रजिस्टरात आपली सही म्हणून. तिच्या शेजारी मी पासवर्ड लिहिला. चंदी आणि पुढं चार आकडे. चंदी आमची शेळी होती. मी तिसरीत असताना मेली. मी दोन दिवस जेवले नव्हते.

तर त्या सकाळी माईक बंद झाला आणि आम्ही वर्गाकडं निघालो. व्हरांड्यात विराज उभा होता. विराज म्हणजे संस्थेच्या चेअरमनचा मुलगा, माझ्याच वर्गात. मोठे सर त्याला ‘विराजराव’ म्हणायचे. नववीतल्या पोराला! त्याला सरांच्या ऑफिसात कधीही मुभा. सर तासाला गेले की हा त्यांच्या खुर्चीत बसून गरागरा फिरायचा, आणि शिपाईमामा त्याला पाणी आणून द्यायचे.

तो म्हणाला, “काय चंदी, डबा आणलास का?”

पोरं खिदळली. मी जागच्या जागी थांबले. आमच्या मेलेल्या शेळीचं नाव शाळेत कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ते फक्त त्या लाल रजिस्टरात होतं. म्हणजे ह्यानं ऑफिसात बसून ते चाळलं, माझं अकाउंट स्वतःच्या मोबाईलवर उघडलं, माझं बोलणं वाचलं आणि त्यातलं झोंबेल तेवढं गावभर वाटलं. बहिणीला मी अजून काय काय लिहिलं होतं! पाळीच्या पोटदुखीचं. बाप दुसरं घर करून राहिला त्याचं. ते सगळं ह्यानं वाचलेलं. मला भर व्हरांड्यात उघडं पडल्यासारखं वाटलं. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मीही धुतल्या तांदळाची नव्हते. दोन महिन्यांपूर्वी सातवीतली एक पोरगी गॅदरिंगमध्ये नाचताना पडली. तिचा व्हिडिओ माझ्याकडं आला, तो मी चार जणींना पुढं पाठवला. खाली हसरी तोंडं लावून. ती पोरगी आठवडाभर शाळेत आली नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता व्हरांड्यात उभी राहिल्यावर वाटलं. इतकी मठ्ठ होते मी.

मधल्या सुट्टीत मला ऑफिसात बोलावलं. चेअरमन खुर्चीत, मोठे सर शेजारी हात बांधून. आई दाराशी. चपला तिनं बाहेर काढलेल्या. चेअरमनच्या पायात बूट होते.

“मुलीच्या जातीला मोबाईल देताच कशाला?” चेअरमन आईला म्हणाले.

आईनं मान खाली घातली. सरांनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. माफीनामा. टाईप करून तयार. त्यात लिहिलं होतं की मी मोबाईलवर खोटा मजकूर लिहून शाळेची बदनामी केली, माझ्या आईनं शाळेतून कधीही अन्न नेलं नाही, मला माझी लाज वाटते. हा कागद वाचतानाचा माझा व्हिडिओ काढायचा आणि तो गावाच्या ग्रुपवर टाकायचा, असं ठरलेलं. माझं तोंड, माझी लाज, आणि त्यांची शाळा स्वच्छ.

“सही कर. विषय मिटला,” सर म्हणाले. “आईचं कामही राहील.”

आई हळूच म्हणाली, “कर बाय सही. आपल्याला काम पायजे.”

तिचं काय चुकलं? आमच्या घरात येणारं जे काही होतं ते त्या पातेल्यातून येत होतं. मी पेन उचललं पण. पेन धरलं आणि समोर टेबलावर ते लाल रजिस्टर दिसलं. घंटेची हातोडी ठेवतात तिथंच, उघड्यावर पडलेलं. कुणीही यावं आणि बघावं.

मी म्हणाले, “मला रजिस्टर बघायचंय.”

“ते शाळेचं कागदपत्र आहे.”

“माझा पासवर्ड हाय त्यात.”

कुणी काही म्हणायच्या आत मी ते ओढलं. नववी अ चं पान काढलं. बोट फिरवत खाली आले. विराजचं नाव होतं. इयत्ता होती. पुढं काही नाही. नंबर नाही, पासवर्ड नाही, पालकाची सही नाही. कोरं. खाली अजून दोन ओळी तशाच कोऱ्या. एक डॉक्टरांच्या मुलीची, एक खुद्द मोठ्या सरांच्या भाच्याची.

“ह्यांचे पासवर्ड कुठायत?”

सर जरा गडबडले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं वाक्य मी आजवर एका अक्षरानं बदललेलं नाही.

“त्यांच्या घरी शिस्त आहे.”

बघा हं. लिंबाच्या बागेत राबणाऱ्याच्या घरी शिस्त नाही. खिचडी शिजवणारीच्या घरी नाही. ज्याचं पोरगं दुसऱ्याच्या पोरीचं बोलणं चोरून वाचतं आणि गावभर वाटतं, त्याच्या घरी मात्र शिस्त आहे. तोवर मला मोठ्या सरांची भीती वाटायची. त्या वाक्यानंतर ती जी गेली ती गेली. मला त्यांची किळस आली. एवढा शिकलेला माणूस, आणि चेअरमनपुढं असा शेपूट हलवत उभा.

मी म्हणाले, “विराज मला मघाशी चंदी म्हणला. ते नाव फक्त ह्या पानावर हाय.”

चेअरमननी घड्याळ बघितलं.

“पोरं चेष्टा करतात,” ते म्हणाले.

मी बहिणीला खरं लिहिलं तर ती बदनामी. त्यांच्या पोरानं चोरी केली तर ती चेष्टा. माफीनाम्यासाठी दिलेलं पेन माझ्या हातातच होतं. त्या पेनानं मी माझी ओळ खोडली. नाव सोडून बाकी सगळं. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. सर ओरडले, “अगं ए!” आणि त्यांनी रजिस्टर हिसकावून घेतलं.

“आमच्याबी घरी शिस्त हाय,” मी म्हणाले. आणि माफीनामा तसाच ठेवून बाहेर आले.

इथं टाळ्या वाजल्या असं कुणाला वाटत असेल तर वाजल्या नाहीत. नळाच्या टाकीपाशी आईनं माझ्या थोबाडीत मारली. मग तिथंच बसून रडली. म्हणाली, “आपल्या शेळीचं नाव कशाला दिलं गं त्यास्नी?” दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. ती लिंबं तोडायला जायला लागली. हात काट्यांनी फाटायचे, रात्री हळद भरायची. विराजला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मला मात्र दहावी होईपर्यंत पोरं चंदी म्हणत राहिली. मी ओ द्यायला लागले तेव्हा त्यांना मजा यायची बंद झाली.

आता मी काष्टीच्या बाजारपेठेत एका ऑनलाइन सेवा केंद्रात काम करते. फॉर्म भरणं, दाखले काढणं, झेरॉक्स. बाजारच्या दिवशी नुसती झुंबड. लोक येतात आणि सगळ्यांदेखत पासवर्ड ओरडून सांगतात. “तूच टाक की बाई, तुज्यापून काय लपवायचं?” मी कीबोर्ड त्यांच्याकडं फिरवते आणि खुर्ची भिंतीकडं. “तुमचा तुमी टाका. मी बघत न्हाई.” वेळ लागतो. मागची रांग कावते. कावू दे. कॉलेजची पोरं मित्राचा मोबाईल घेऊन येतात आणि खुशाल त्याचे मेसेज वर-खाली करत बसतात. त्यांना मी सांगते, दुसऱ्याचा मोबाईल उघडा पडलेला असला तरी तो उघडा नसतो. काही ऐकतात. काही दात काढतात.

आईनं तिच्या मोबाईलला लॉक लावलंय. मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

परवा मोठे सर केंद्रात आले. अजून तेच मुख्याध्यापक, केस तेवढे रंगवलेले. मला बघून म्हणाले, “अरे वा, आपल्या शाळेची विद्यार्थिनी!” जणू काही झालंच नव्हतं. शाळेत ‘डिजिटल संस्कार सप्ताह’ आहे म्हणे. पाहुणे कोण, तर संस्थेचे नवे संचालक विराजराव. तू पण ये, मुलींना दोन शब्द सांग, म्हणाले. आणि एक कागद पुढं केला. दोनशे झेरॉक्स हव्या होत्या.

मी कागद बघितला. नाव, इयत्ता, मोबाईल नंबर, अकाउंटचा पासवर्ड, पालकाची सही.

रजिस्टर भरलं असावं. म्हणून आता सुटे कागद.

“ह्या मशीनवर हा कागद निघणार नाही,” मी म्हणाले.

“का? बिघडलंय का?”

“मशीन ठीक आहे.”

त्यांना तेव्हा आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. खोकले, कागदाची घडी केली. “दुसरीकडून काढू,” म्हणाले.

काढतील. बाजारात झेरॉक्सची काही कमी नाही. पालकसभा सोमवारी आहे, तेही त्या कागदावरच छापलं होतं. सोमवारी मी केंद्रातून सुट्टी घेतलीय. व्यासपीठावर मला जायचं नाही. विराजच्या शेजारी बसून संस्कारांवर बोलण्याइतकं माझं तोंड स्वस्त नाही. मी फाटकात उभी राहणार. आत जाणाऱ्या एकेका आईला थांबवणार. सांगणार, पोरीचं नाव लिहा, इयत्ता लिहा, पासवर्डचा खाना कोरा सोडा. विराजरावांची ओळ कोरी राहिली, तर तुमच्या पोरीची पण राहील. आणि सरांनी विचारलं का म्हणून, तर त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणा, आमच्या घरी शिस्त आहे.