ओले बोंबील

मधल्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास आला आणि मी जिन्यातच थबकलो.

तारापूरच्या कोळीवाड्यात, काशीमावशीच्या पडवीत मी ही शाळा सुरू केली, तेव्हा समोर अंगणभर बांबूंवर तिचे बोंबील वाळत असायचे. बोईसरच्या कारखान्यांतले पालक पहिल्यांदा शाळा बघायला येणार, त्या सकाळी मावशी आपणहून ते उतरवू लागली.

"मास्तर, तुमच्या शालेला वास नको."

बोंबील अजून ओलेच होते. टोपलीत ते कुजणार, हे मलाही कळत होतं. तरी मी टोपली धरली, आणि मला हायसंच वाटलं.

मी जिना चढून वर गेलो. वर्गाच्या दारात मला पाहताच एका मुलीने घाईघाईने डबा झाकला.

"सर, आता नाय येनार वास."