पंचवटीतला तिसरा गुच्छ

सोलापूरहून निघालेली एसटी नाशकात शिरली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि मी अर्धवट झोपेत होते. खिडकीबाहेर धुकं, धुक्यात द्राक्षांचे मांडव, मग एकदम दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि कुठल्याशा देवळाचा कळस. स्वप्नात गाव बदलतं तसं एकातून दुसरं उगवत होतं. आमच्या सोलापुरात आश्विनातही सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. इथे मी शालीत गुरफटून बसले होते आणि उतरावंसंच वाटत नव्हतं.

मी आले होते एक दुकान बघायला. दुकान म्हणजे तसं दुकान नव्हतंच. माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण वैशाली हिने इंटरनेटवर फुलं विकायला सुरुवात केली होती. परदेशी गेलेल्या मुलांनी तिथे बसून तिच्या वेबसाइटवर गुच्छ पसंत करायचा आणि तिने तो नाशिकमध्ये त्यांच्या आईवडिलांच्या हातात नेऊन द्यायचा. आमचं चादरींचं दुकान. 'आपणही वेबसाइट करू' असा धोशा नवऱ्याने वर्षभर लावला होता. ज्या धंद्यात गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला माल चाचपता येत नाही, त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. बघून येते, मग बोलू, असं सांगून मी निघाले होते.

वैशाली स्टँडवर स्कूटी घेऊन आली होती. तिचं सासर मखमलाबादच्या वाटेवर, मळ्यातच घर. आम्ही पोहोचलो तेव्हा गुलाबाचा तोडा (फुलांची एका वेळची खुडणी) चालू होता. धुक्यात माणसं दिसत नव्हती, नुसत्या कात्र्यांचा आवाज येत होता आणि ओल्या मातीत मिसळलेला वास. मी बांधावर उभी राहिले आणि आपण कशासाठी आलोय हेच थोडा वेळ विसरून गेले.

धुक्यातून टोपली घेऊन तिचे सासरे आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी सुनेचं दुकान बघायला आलेय म्हटल्यावर ते मिशीत हसले.

"आमालाबी दाखवा मग ते दुकान," ते म्हणाले. "आमी तर आजून पाह्यलं नाय. पोरगी कष्टाची हाय, नाय म्हनत नाय मी. पर दसऱ्यापर्यंत वाट बघनार. मंग समदा माल मुंबईच्या व्यापाऱ्याला देनार, त्यो आगाऊ बोली करून बसलाय."

वैशालीने त्यांच्या हातातली टोपली घेतली. खरं काय ते तिने मला नंतर शहरात मिसळ खाताना सांगितलं. (नाशकातली मिसळ दह्यापापडासकट येते आणि रस्सा आपण मागू तितका. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी तिसऱ्यांदा मागितला.) तात्यांनी माल मुंबईला दिला की तिच्या वाट्याला फुलंच उरणार नव्हती. कॉम्प्युटर विकायचा आणि पुन्हा घरी जुड्या बांधत बसायचं. सगळी मदार आता एका गिऱ्हाइकावर होती. मिलिंद त्याचं नाव, राहायला अमेरिकेत. तिथल्या मराठी मंडळात निम्मी माणसं नाशिककडची, आणि समाधान झालं तर तो त्या सगळ्यांना वैशालीचं नाव सांगणार होता.

पण समाधान होईना. फुलं पोहोचल्याचा फोटो त्याच दिवशी ई-मेलने मिळेल, असं वैशालीने वेबसाइटवर ठळक लिहून ठेवलं होतं, आणि लोक त्या एका वाक्यावर विश्वास ठेवत होते. मिलिंदच्या आईला पहिला गुच्छ दिला तेव्हा फोटो झकास आला. एवढा मोठा गुच्छ की मागे काकूंचा नुसता अंबाडा दिसत होता. दुसऱ्या वेळी वैशालीने गुच्छ शेजारच्या पोराबरोबर पुढे पाठवला आणि ती स्कूटी लावून वर जाईपर्यंत काकूंनी गुच्छ सोडून फुलं देवाला वाहून टाकली. फोटोत आला चुरगळलेला चकचकीत कागद आणि चार गुलाब. मिलिंदने लिहिलं, मी एवढ्याच फुलांची ऑर्डर दिली नव्हती, आता शेवटची संधी.

"आज तिसरा गुच्छ," वैशाली म्हणाली. "आज चुकून चालणार नाही, ताई."

गुच्छ माझ्या मांडीवर, कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात, अशा आम्ही स्कूटीवरून गोदावरीचा पूल ओलांडून पंचवटीत शिरलो. भाजीच्या गाड्या, रिक्षा, कपाळावर ओलं गंध घेऊन निघालेले गुरुजी, सगळे त्या अरुंद गल्लीत एकमेकांना न लागता जात होते. मांडीवर एवढी फुलं घेऊन बसलं की आपली मिरवणूक निघाल्यासारखं वाटतं. लाजले, पण आवडलंही.

काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लख्ख पुसलेलं. काकू लहानखुऱ्या, चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला, आणि आम्हाला बघून इतक्या खूश की दारातच माझा हात धरला. वैशालीने आधीच बजावलं की फोटो होईपर्यंत गुच्छाला हात लावायचा नाही. काकूंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. वैशालीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कॅमेरा एकदा चमकला आणि मेला. तो पेन्सिल सेल पाण्यासारखे पितो, आणि जास्तीचे सेल घरी चार्जरला लावलेले.

मी सेल आणायला खाली धावले. दुकान सापडलं, परतीची वाट सापडेना. एका गल्लीतून निघाले ती घाटाच्या पायऱ्यांवर. पाण्यावरून धुक्याची शेवटची पट्टी सरकत होती, कोणीतरी वाळत घातलेलं लाल धोतर हलत होतं, लांब घंटा वाजत होती. घाई होती, तरी पाय निघेनात. शेवटी एका भाजीवाल्या मावशीने मला काकूंच्या दारापर्यंत आणून सोडलं.

वर गेले तर चकचकीत कागदाची नीट घडी केलेली होती. देव्हाऱ्यात समई लागलेली, बाळकृष्ण जरबेराच्या फुलाआड पार लपलेला. गुलाब देवापुढे, उंबऱ्यावर, शेजारणीच्या हातात आणि एक काकूंच्या अंबाड्यात. वैशाली देव्हाऱ्याजवळ मांडी घालून बसली होती. तिच्या तळहातावर दोन पाकळ्या होत्या.

"फुलं कागदात गुदमरतात गं," काकू मला म्हणाल्या. "आणि देवाच्या आधी मी कशी घेऊ?"

वैशालीने मला हळू आवाजात सांगितलं की काकूंची पूजा खोळंबली होती. ती नको म्हणाली असती तर काकू थांबल्याही असत्या. तिच्याने म्हणवलं नाही. उलट तीच एकेक फूल काढून देत गेली. मी पक्की दुकानदार, मी म्हटलं दुसरा गुच्छ आणू, पुन्हा फोटो काढू. तिने मान हलवली. काकूंना पुन्हा सोंग घ्यायला लावणार नाही, म्हणाली. मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी ती फार आवडली.

तिने काकूंना खिडकीजवळ उभं केलं. हातात काही नाही, तेव्हा हातांचं काय करायचं ते काकूंना कळेना. त्यांनी ते पदरात गुंडाळले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

सायबर कॅफेत फोटो पडद्यावर वरून खाली, एकेक रेघ करत उतरला. आधी भिंत, मग अंबाड्यातला गुलाब, मग कपाळ. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो, जणू काकू खरोखरच हळूहळू कुठून तरी येत होत्या. वैशालीने खाली लिहिलं, 'गुच्छ पूर्ण पोहोचला. फुलं काकूंनी देवाला वाहिली. फोटोत दाखवायला गुच्छ उरला नाही.' मग तिने डोळे मिटून बटण दाबलं. उत्तर येईपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता.

परतीच्या एसटीत माझ्या शालीला गुलाबाचा वास येत होता. वैशालीचं दुकान बुडणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि त्याचं इतकं वाईट वाटावं एवढी का मी त्यात गुंतले, याचंच नवल वाटत होतं. नवऱ्याला काय सांगायचं ते काही ठरेना. त्याने विचारलं तेव्हा मिसळीबद्दल सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वैशालीचा मेल आला. तिने मिलिंदचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं होतं.

'फुलांचं राहू द्या. आईच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली दिसतेय. कधीपासून? दर रविवारी फोनवर सगळं छान आहे म्हणते. गेल्या खेपेला मी फुलंच मोजत बसलो. यापुढे गुच्छ नको. देवाला पुरतील एवढी सुटी फुलं देत जा आणि फोटो असाच काढत जा, तिच्या हातात काही नसताना. मंडळात सगळ्यांना दाखवला. आपापल्या आईचा असा फोटो त्यांनाही हवाय.'

खाली वैशालीच्या दोन ओळी होत्या. 'ताई, काकूंचा चष्मा काल नवा करून आणला. तात्या विचारताहेत, सुटी फुलं किती ठेवायची?'