देवाचं झालं, माणसाचं राहिलं

शेवटचा आशीर्वाद द्यायला मी हात वर केला होता, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "थांबा फादर. आभार राहिलेत."

या धर्मग्रामातला, म्हणजे पॅरिशमधला, तो माझा पहिला रविवार होता. मी वसईचा. बदली होऊन बीड जिल्ह्यात, सिरसाळ्याहून आत फुटणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आलो, त्याला चारच दिवस झाले होते. भर मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरला कुणी थांबवल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. साठीच्या आसपासची, अंगाने बारकी, डोक्यावर घट्ट पदर घेतलेली एक बाई पुढे चालत आली. तिने वेदीपुढे गुडघा टेकवला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "गुरुवारी हापसा बंद पडला व्हता. शब्बीर मिस्त्री न बोलावता आला. दुपारभर उन्हात बसला अन् वायसर बदललं. त्याचं नाव शब्बीर. मी त्याचे आभार मानते."

ती बाजूला झाली तशी एक शाळकरी मुलगी उठली. पळत येताना पाहून एका कंडक्टरने तिच्यासाठी एसटी थांबवली होती. तिने त्याच्या छातीवरच्या पट्टीवरून नाव वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. मग लुकासबाबा नावाचे एक म्हातारे काठी टेकत उठले आणि त्यांनी स्वतःच्या सुनेचं नाव घेतलं. आठवडाभर तिने त्यांच्या पायाला तेल चोळलं होतं. सून पदरात तोंड लपवून बसली. मी तसाच उभा. पाव तास गेला.

ती बाई म्हणजे सगुणाबाई, आमच्या धर्मग्रामाची कॅटेकिस्ट. लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचं, फादर नसला की प्रार्थना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, अशी सगळी कामं तिच्याकडे. निम्मं आयुष्य तिने ऊसतोडीत घालवलं होतं. अक्षरओळखही तिकडेच, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, शाळेत जाणाऱ्या पोरांकडून करून घेतली होती. आता ती या जगात नाही. पण त्या धर्मग्रामात मी काय शिकलो असं कुणी विचारलं, तर मला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

त्या दिवशी मी तिला वेदीमागच्या खोलीत बोलावलं आणि सेमिनरीत शिकलेलं समजावून सांगितलं. "सगुणाबाई, मिस्सा हीच मुळात उपकारस्तुती आहे. आपण तासभर देवाचे आभारच मानतो. वेगळे कशाला मानायचे?"

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय फादर. देवाचं झालं. माणसाचं राहिलं."

"माणसाच्या हातून देवच देतो ना?"

"देतो की. पण हात कुणाचा व्हता, ते बघाय नगं?"

मी तेव्हा नवा होतो आणि नव्या माणसाला उत्तर नसलं की नियम आठवतात. पुढच्या महिन्यात मी धर्मग्रामाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि जाहीर केलं, की यापुढे आभार ग्रुपवर लिहावेत, मिस्सा वेळेत संपेल. लोक खूश झाले, निदान मला तसं वाटलं. ग्रुपवर रोज पहाटेपासून जोडलेले हात येऊ लागले. कुणी काही टाकलं की खाली हातच हात.

सगुणाबाई वाद घालत बसली नाही. "तुमी गुरू. तुमचं ऐकीन," एवढंच म्हणाली. एकदा मात्र सुनेच्या मोबाइलवरचे ते हात तिने मला दाखवले आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "फादर, हे कुणाचे हात हायेत? अन् कुणाला जोडलेत?" मी हसलो. ती हसली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "मोघम आभार म्हंजी पत्ता न घातलेलं पाकीट," ती म्हणाली. "टाकणाऱ्याला वाटतं, धाडलं. पोचत कुणालाच न्हाई."

तिचा धर्मशिक्षणाचा वर्गही याच चालीवर चाले. मी एकदा दारात उभा राहून ऐकला. ती प्रश्नोत्तरं पाठ करून घेत नव्हती. एका मुलीला विचारत होती, "आज काय खाल्लं?"

"भाकर."

"कुणी दिली?"

"आईनं."

"आईला पीठ कुणी दिलं?"

"गिरणीवाल्यानं."

"त्याचं नाव?"

मुलीला नाव ठाऊक नव्हतं. "मंग जा, इचारून ये," सगुणाबाई म्हणाली. मुलगी गेली. बाकीचे सगळे, सगुणाबाईसकट, ती परत येईपर्यंत थांबले. नाव घेऊन ती धापा टाकत आली, तेव्हा कुठे 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सुरू झाली.

माझी समजूत पुरती बदलली ती दुसऱ्या वर्षी, बाबारावांच्या प्रकरणात.

आमच्या ख्रिस्ती वस्तीपासून कबरस्तानाकडे जाणारी जुनी वाट गावातले मोठे शेतकरी बाबाराव यांच्या शेताच्या कडेने होती. त्यांनी ती नांगरून टाकली आणि बांधावर काटे लावले. तेव्हापासून मयत न्यायची तर ओढ्यातून लांबचा फेरा पडे आणि पावसाळ्यात खांद्यावरची पेटी घेऊन माणसं कमरेएवढ्या पाण्यातून जात. वस्तीने मोजणीसाठी अर्ज केला होता. धर्मग्राम समितीतला दानिएल त्यामागे तहसीलच्या चकरा मारत होता. दोन्हीकडे बोलणं बंद होतं.

श्रावणात सगुणाबाईच्या सुनेचे, रूथचे, दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या आणि ओढा दुथडी वाहत होता. ॲम्ब्युलन्स पलीकडे येऊन उभी, इकडे यायला वाट नाही. बाया रडायला लागल्या. तेवढ्यात बाबाराव स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. "गादी टाका ट्रॉलीत. लवकर," एवढंच ते बोलले. पाणी चाकाच्या वर चढलं होतं. साठी उलटलेला तो माणूस उभ्याने ट्रॅक्टर हाकत पलीकडे गेला. दुपारी अंबाजोगाईला रूथ बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

शनिवारी सगुणाबाई माझ्याकडे आली. "फादर, उद्या मला बोलू द्या. बाबारावाचं नाव देवळात घ्यायचंय." चर्चला इथे सगळे देऊळच म्हणतात.

दानिएल तिथेच बसला होता. तो ताडकन उठला. "मावशी, कावून घेता त्याचं नाव? एकडाव आभार मानले की तो म्हणणार, मिटलं आता. आपला दावा गेला."

मीही कचरलो. खरं सांगायचं तर मला भांडण नको होतं, या बाजूनेही नको आणि त्या बाजूनेही नको. मी म्हटलं, "त्यांच्या घरी जाऊन मानले तर?"

"घरी तर जाणारच हाय. पण त्यानं सगळ्यांदेखत पाण्यात ट्रॅक्टर घातला. मी कोपऱ्यात जाऊन कसं मानू?"

मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी ती वेदीपुढे उभी राहिली, तेव्हा समितीतले दोघं उठून बाहेर गेले. दानिएल बसून राहिला, पण मान खाली घालून. तिने नाव घेतलं, काय घडलं ते सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी ती बाबारावांकडे निघाली. मी बरोबर गेलो. अंगणात बाजेवर बाबाराव बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, आत चहाची वर्दी दिली.

"बसते, पण आधी बोलते," सगुणाबाई म्हणाली. "आभार उभ्यानं मानावा. बसून मानला की तो चहाचा व्हतो." मग तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. एरवी त्या अंगणात आमच्या वस्तीतलं माणूस नजर खाली ठेवून बोले. "बाबाराव, तुमी पाण्यात ट्रॅक्टर घातला. तुमच्या जिवाला बी धोका व्हता. माझी सून अन् नात जित्या हायेत, त्या तुमच्यामुळं. आज देवळात तुमचं नाव घेऊन सांगितलं. तुमाला बी सांगते."

बाबारावांचा चेहरा खुलला. "अगं असू दे. माणुसकी हाय. आता ते वाटेचं तेवढं मागं घ्या, म्हंजी झालं. एकमेकाला धरून राहू."

दानिएल म्हणाला होता तेच झालं.

"वाटेचं वेगळं," सगुणाबाई म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "आभार मानले म्हंजी वाट सोडली न्हाई. तुमी तारलं ते खरं. मयताची वाट मोडली ते बी खरं. एकासाठी आभार मानते, दुसऱ्यासाठी अर्ज हाय. एकानं दुसरं फिटत न्हाई."

चहा आला. ती बसली आणि सावकाश बशीत ओतून प्याली. निघताना बाबाराव मला म्हणाले, "लई कडक बाई हाय तुमची, फादर." त्यात राग होता की मान, ते मला तेव्हा कळलं नाही.

परत येताना मी तिला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण फादर, आमच्या वस्तीनं जन्मभर वाकून उपकार घेतले. वाकलेल्या माणसाला आभार मानता येत न्हाई. तो नुसता हात जोडतो. आभार बरोबरीचा माणूस मानतो."

मी धर्मज्ञान शिकलो, परीक्षा दिल्या, कृतज्ञतेवर प्रवचनं केली. हे वाक्य मला कुठल्याही वर्गात मिळालं नव्हतं.

दिवाळीनंतर मोजणी झाली. आम्ही सगळे भांडणाच्या तयारीने गेलो होतो. बाबाराव आले, बांधावर उभे राहिले आणि मोजणीदाराला पायाने जागा दाखवत म्हणाले, "इथं जुना धोंडा व्हता. इथून धरा." जुनी वाट जिथे होती, तिथेच निघाली. तिच्या दोन्ही बाजूंनी मात्र त्यांनी महिन्याभरात तारेचं कुंपण ओढून घेतलं, वीतभरही जास्त जाऊ नये म्हणून. दानिएल ते बघून कुरकुरला. सगुणाबाई म्हणाली, "तार त्याची, वाट आपली. बरं झालं, ढोरं शिरणार न्हाईत." फाल्गुनात लुकासबाबा गेले. त्यांची पेटी कोरड्या पायांनी त्या वाटेवरून गेली.

मी रविवारचे आभार पुन्हा सुरू केले. व्हॉट्सॲपचा ग्रुप राहिला, पण मिस्साच्या वेळा कळवण्यापुरता.

पुढल्या वर्षी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी, येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांचं शुभवर्तमान वाचायचं होतं. दहा बरे झाले, एकच आभार मानायला परत आला. आता या विषयावर माझी चांगली तयारी झाली होती. मी त्या नऊ जणांवर तुटून पडलो. कृतघ्न, आंधळे, आपमतलबी, काय काय म्हणालो.

मिस्सानंतर सगुणाबाई खोलीत आली. "फादर, त्या नवांना लई बोललात."

"मग काय? बरे झाले आणि निघून गेले."

"त्यांना घर गाठायचं व्हतं. बरं झालेल्या माणसाला आधी घर दिसतं." ती म्हणाली. "मी बी त्या नवांतलीच हाय."

मग तिने उभ्या उभ्याच सांगितलं. तरुणपणी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर ती ऊसतोडीला गेली होती. मुलगा योसेफ दोन महिन्यांचा. तिला ताप चढला, शुद्ध हरपली, अंगावरचं दूध आटलं. शेजारच्या टोळीत कानडी बोलणारी एक बाई होती, तिच्याही पदरी तान्हं. तिने योसेफला उचललं आणि आठ दिवस पाजलं. एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं. ताप उतरला त्याच दिवशी गावाकडे जाणारी गाडी मिळाली आणि नवऱ्याने तिला घाईने गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा ती बाई फडात होती.

"नाव इचारायचं राहिलं," सगुणाबाई म्हणाली. "पुढच्या सालाला गेलते, तर ती टोळी न्हाई. चार सालं धुंडलं. आता तिच्यासाठी एक मिस्सा म्हणा."

कुणासाठी मिस्सा म्हणायची ते नावानिशी लिहून ठेवायची, ती मिस्साच्या हेतूंची वही मी ओढली. सवयीने पेन टेकवलं आणि थबकलो. नावाच्या जागी काय लिहायचं? शेवटी लिहिलं, 'एका उपकारी बाईसाठी'. तिला वाचता येत होतं. तिने मान हलवली.

"असं मोघम नगं. तिचं बी लेकरू व्हतं. त्याच्या तोंडचं तिनं माझ्याला दिलं. नाव न्हाई तर न्हाई, केलं काय ते तर लिहा."

मी ओळ खोडून नवी लिहिली. सोमवारी सकाळी वेदीवरून ती मोठ्याने वाचली: 'आपल्या लेकराच्या तोंडचं दूध योसेफला देणाऱ्या बाईसाठी.' ट्रक दुपारी निघणार होते, म्हणून टोळीतल्या बायाही त्या मिस्साला आल्या होत्या.

मिस्सानंतर मी झगा काढत होतो, तेव्हा खोलीच्या दाराशी पाच जणी उभ्या होत्या. सगळ्यांत पुढची म्हणाली, "फादर, आमचं बी लिहून घ्या." कोल्हापूरकडच्या एका रस्त्यावर, अपघातात तिच्या नवऱ्याला पाठीवर घेऊन चालत गेलेल्या माणसाबद्दल तिला सांगायचं होतं. मागच्या चौघींचंही असंच काहीतरी होतं. पाचांपैकी एकीलाही नाव ठाऊक नव्हतं.

बाहेर ट्रकवर सामान चढत होतं. मी खुर्ची ओढली, वही उघडली आणि म्हणालो, "सांगा. काय केलं त्यांनी?"