दह्याचा डबा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतकं मनापासून घाबरणारा माणूस अख्ख्या दिल्लीत शोधून सापडायचा नाही. आपण घाबरतो ते वेळप्रसंग पाहून. काकांना ना वेळ लागते, ना प्रसंग. गॅस बंद केल्यावर ते तीनदा जाऊन वास घेऊन येतात, मेट्रोत दारापासून चार हात लांब उभे राहतात आणि स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर आधी हेल्मेट घालतात. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये यावरून त्यांची भरपूर थट्टा चालते. पण एकदा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यावरून खाली पळत होती आणि तळमजल्यावर राहणारे काका, डोक्यावर हेल्मेट, एकेका दाराची बेल वाजवत वर चालले होते. भूकंपात वर धावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने इंजिनियर होऊन हिमाचलात, पार स्पितीत पुलाचं काम घ्यावं, याला काय म्हणावं! तिथे उघडेबोडके डोंगर, औषधाला झाड नाही आणि रस्ता दरीच्या काठाने कोरलेला. काकांनी पुष्कळ समजावलं. पोरगी ऐकेना. तेव्हा त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवतात, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. ती निघाली त्या सकाळी काकांनी दह्याचं भांडंच कपाटात कुलूपबंद केलं. दह्याशिवाय ही उंबरा ओलांडायची नाही, असा त्यांचा अंदाज. पण दिल्लीत वाढलेली पोर ती! "चलो पप्पा, बाय," म्हणाली आणि गेलीसुद्धा. तेव्हापासून काकांची झोप उडाली. डोळा लागला की ती त्यांना दरडीखाली दिसायची. महिन्याभराने ते वर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू गाडी चालव. तिच्या हातावर दही ठेवून येऊ."

किन्नौरच्या पुढे झाडं संपली आणि माझी हिंमतही. एका बाजूला अंगावर आलेला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी, मधे जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. समोरून ट्रक आला की दरीच्या कडेकडेने रिव्हर्स घ्यायचा. घामाने माझे हात स्टिअरिंगवरून निसटत होते. शेजारी काका डोळे मिटून बसलेले, मांडीवर मफलरात गुंडाळलेला डबा. मुक्कामाच्या लॉजवर दूध मागून ते रोज नवं विरजण लावायचे आणि थंडीत दही लागेना म्हणून डबा रजईत घेऊन झोपायचे. मधेच विचारायचे, दरी किती खोल आहे रे, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, नको, सांगू नकोस.

एका वळणावर वरून खडखड ऐकू आली. मी ब्रेक दाबला आणि बॉनेटच्या अगदी पुढ्यातून दगडांचा लोंढा धुरळ्यासकट दरीत गेला. मला वाटलं, संपलं सगळं. धूळ बसली तेव्हा काकांचे दोन्ही हात माझ्या छातीवर आडवे होते आणि डबा त्यांच्या पायाशी उपडा पडला होता. मग त्यांनी वाकून डबा उचलला, आत पाहिलं आणि म्हणाले, "आहे थोडं."

साईटवर पिवळं हेल्मेट घातलेली पोरगी धावत आली. काकांनी कडेचं दही बोटाने निपटून तिच्या हातावर ठेवलं.

"पप्पा, मला इथे येऊन महिना झाला," ती हसत म्हणाली.

"राहिलं होतं," काका म्हणाले.

तिने मुकाट्याने हात चाटला. आम्ही परत निघालो तेव्हा तिनेच तो डबा मागून घेतला, उरलंसुरलं खरवडलं आणि काकांच्या तळव्यावर ठेवलं. "आता तुला त्याच रस्त्याने जायचंय ना," एवढंच म्हणाली. घाबरण्यात ती बापाचीच लेक, हे मला तेव्हा कळलं.

परवा पुन्हा भूकंपाचा धक्का बसला. काका वर येऊन बेल वाजवून गेले. मी खाली उतरलो तर ते हेल्मेट घालून, फोन कानाला लावून अंगणात उभे होते. तिकडे स्पितीत काही हललं नसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. फोन लागत नव्हता. बाकीचे लोक हसतबोलत आपापल्या घरी गेले. मला मात्र जाववेना. तो रस्ता मी पाहिला होता. फोन लागेपर्यंत मीही त्यांच्याशेजारी उभा राहिलो.