कार्बन घालू का?

मुरबाडला तहसील कचेरीसमोर कमळ एक्क्याण्णव सालापासून टायपिंग करायची. गिऱ्हाईक टेकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कार्बन घालू का?" हो म्हटलं तरच दुसरी प्रत निघायची. नाही म्हटलं की कागद गिऱ्हाइकाच्या हातात, टाइपरायटर कोरा.

२००४ साली तिने कॉम्प्युटर घेतला. खाडाखोड नाही, बाई खूश! अशात वैशाखरे गावची जिवली आली. नवरा गेल्यापासून ती भावाकडे, अनंताकडे राहायची, आणि हाच भाऊ बापाच्या भातशेतीतला तिचा वाटा गिळायला टपला होता. तिला हरकतीचा अर्ज हवा होता. कचेरीतले साहेब नेमके उद्या येणार होते.

"तोवर त्याला कळू नको देऊ गो. घराबाहेर नाय पडू देनार मला," जिवली म्हणाली.

कमळने छापील अर्ज दिला आणि तिच्यादेखत फाइल पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोण यावं? अनंताच! बहिणीने वाटा सोडला, असा कागद त्याला टाइप करून हवा होता. खुर्ची ओढून तो पिशवीतून सातबारा काढू लागला. कमळने स्टार्टवर टिचकी मारली, तर अलीकडच्या फायलींची नावं आपोआप पडद्यावर पसरली. सगळ्यात वर, 'जिवली हरकत'. फाइल पुसली होती, नाव मात्र तसंच उरलं होतं.

या मेल्या यंत्राला विचारलं होतं कुणी? तिने सरळ बटण बंद केलं.

"लाइट गेली."

अनंताने मान वर केली. "पंखा तर फिरतोय, ताई."

"मशीनची लाइन वेगळी हाय. दुपारी या."

तो कुरकुरत चहाला गेला. त्याने काही पाहिलं नव्हतं. कमळने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"ते चालूच येतं, ताई. सोयीचं असतं," तो म्हणाला.

"सोय पायजे का, ते आधी विचारायचं ना रे!"

मशीन पुन्हा सुरू करून त्याने सांगितलं तशी तिने ती यादी बंद केली, नावंही पुसली. एवढ्यात जिवली धापा टाकत आली. अर्जाच्या प्रतीवर कचेरीचा शिक्का होता.

"घेतला गो साहेबांनी!"

कमळला हायसं वाटलं. अनंता येऊन गेला, दुपारी परत येणार आहे, हे तिने सांगून टाकलं. मग सवयीने म्हणाली, "एक नक्कल ठेवू का मशीनमध्ये?"

"आता ठेव. नाव मोठ्या अक्षरात घाल," जिवली हसली. "दुपारी येनार हाय ना तो? वाचू दे."