शालिग्राम देशकरच्या नसा आणि पनागरचे आवळे

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमच्या फॅक्टरीत दोन चिंता होत्या. लढाई कधी संपेल, आणि शालिग्राम देशकर फिट कधी होईल. दुसरी खरं तर एकट्या शालिग्रामची, पण तो ती सगळ्यांना वाटत फिरे.

माझ्या शेजारच्या क्वार्टरात राहणारा हा गृहस्थ वीस वर्षं एकाच लेथवर तोफेचे भाग कापत होता. लढाई पेटली आणि नेमके तेव्हाच त्याच्या दंडांवर निळे डाग उमटू लागले. जरा कुठे टेकलं की डाग. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. फिटची चिठ्ठी मिळेपर्यंत त्याला लेथ बंद, तिच्यावर दुसरा माणूस!

"अंगात लोखंड कमी आहे म्हणे, अन् तांबं बी," शालिग्राम मला म्हणाला. "काहून कमी असंन, भाऊ? दिवसभर लोखंडच कापतो मी. कपड्यांत कीस घेऊन घरी येतो!"

"मीच झटकते ना तो अंगणात," आतून अंजनीवहिनी म्हणाल्या. "तिथंच गेलं असंन."

डॉक्टरनं समजावलं होतं की हे धातू कमी पडले की बारीक नसांच्या भिंती दुबळ्या होतात. तीळ, डाळी खा. आवळा, पेरू खा, फळांतला कस भिंतींना सांभाळतो. मात्र जेवणावर चहा नको, त्यातला तुरटपणा लोह अंगी लागू देत नाही.

"आवळा तुरट, चहा बी तुरट. एक भिंत बांधतो, दुसरा सिमेंट पळवतो. मी समजू काय?"

मलाही समजलं नव्हतं. मी मान हलवली. शेजारधर्म.

सोमवारी तपासणी होती. रविवारी वहिनी जवानांसाठी मोजे विणायला गेल्या, तेव्हा शालिग्रामनं जवळच्या पनागर गावाहून येणाऱ्या भाजीवालीकडून दोन किलो आवळे घेतले, रस काढला आणि न्हाणीतल्या तांब्याच्या कळशीत झाकून ठेवला. आवळ्याचा आवळा, तांब्याचं तांबं. सकाळी दोन पेले पिऊन तो दवाखान्यात गेला आणि डॉक्टरच्या बुटांवर ओकला.

"क्या पिया, शालिग्रामजी?"

"आपने जो बोला, सब. एकसाथ."

घरी वहिनींनी कपाळावर हात मारला. "कल्हई नसलेल्या भांड्यात मी वरणसुद्धा ठेवत नाही, अन् तुम्ही आंबट ठेवलं! कळकणार नाही तर काय?"

"डॉक्टरनं कल्हईचं सांगितलंच नाही!"

चिठ्ठी शुक्रवारवर गेली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आवळा नुसता चावून खायला सांगितला. शालिग्राम स्टोअरमध्ये बसून आपल्या लेथचा आवाज कान देऊन ऐके. "ऐका भाऊ, दुसऱ्याच्या हातात किंचाळून राहिली ती."

गुरुवारी लढाई संपली. शुक्रवारी डॉक्टरनं पिवळे पडलेले डाग पाहून चिठ्ठी दिली.

"भाऊ," चिठ्ठी उलटसुलट करत तो म्हणाला, "आता फिट होऊन करू काय?"

जेवणाच्या सुट्टीत विजयाचा चहा आला. त्यानं कप घेतला, आधी चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "फिट माणसाला जेवणावर चालतो का हो?"

"डॉक्टरला विचार."

तो निघाला. वाटेत त्याची लेथ होती. तिच्यावर कुणीतरी अर्धवट कापलेला भाग तसाच सोडलेला. शालिग्राम थांबला. कप बाजूला ठेवून त्यानं लेथचं कापायचं हत्यार नीट बसवलं, बटण दाबलं.

चहा निवून गेला. लेथ मात्र अजिबात किंचाळली नाही.